रिम तीच, टायर रुंद : सौद्यापूर्वी आकडे वाचा

टायरच्या दुकानात आजकाल एक सल्ला हमखास मिळतो. 'शेठ, आहे तीच साइज कशाला घेता? एक नंबर वरचा टाका. गाडी रुबाबदार दिसेल, रस्ताही घट्ट धरेल.' रिम बदलायची नसते, जादा खर्च टायरच्या किमतीतील फरकाएवढाच, म्हणून गिऱ्हाईक लगेच होकार देते. हा सल्ला दर वेळी चुकीचाच असतो असे नाही. परंतु 'वरचा नंबर' म्हणजे नेमका कोणता, याची खातरजमा न करता पैसे मोजणे म्हणजे नुसता पन्हा पाहून कापड उचलण्यासारखे आहे. धागा कोणता, वीण कशी, वजन किती, हे विचारल्याशिवाय आपल्यापैकी कोणी तागा घेत नाही. टायरचा मामला तर जिवाशी निगडित आहे.

आकडे काय सांगतात?

मारुती स्विफ्टच्या कमी किमतीच्या मॉडेलला येणारा टायर उदाहरणादाखल घेऊ. त्यावर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मि.मी. 'आर' म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा व्यास, इंचात. वरची व खालची मिळून दोन भिंती २६४ मि.मी., त्यात रिमचे ३५५.६ मि.मी. मिळवले की चाकाची एकूण उंची सुमारे ६२० मि.मी. होते.

आता याच रिमवर दुकानदार दोन टायर दाखवतो. एक १८५/७० आर १४, दुसरा १७५/६५ आर १४. दोन्ही मूळ टायरपेक्षा रुंद. पहिल्याची उंची हिशेबाने सुमारे ६१५ मि.मी. येते. फरक ५ मि.मी., म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. दुसऱ्याची उंची मात्र ५८३ मि.मी. भरते. म्हणजे टायर रुंद झाला, पण चाक ३६ मि.मी.हून अधिक बुटके झाले. गाडी सुमारे १८ मि.मी. खाली बसेल आणि गतिरोधकावर पोट घासण्याची शक्यता वाढेल. चाक लहान झाल्याने तेवढ्याच अंतरात फेरे जास्त होतील. पूर्वी जेथे काटा ८० दाखवत असे तेथे आता ८५ दाखवील, आणि १०० किलोमीटर चाललेली गाडी मीटरवर १०६ भरेल.

चाकाच्या उंचीतील फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा सर्वमान्य दंडक आहे. गाडीचे कारखानदारही तोच हिशेब करतात. स्विफ्टच्या महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतो. रिम एक इंचाने मोठी, टायर रुंद, पण उंची ६२१.५ मि.मी. मूळ उंचीपासून दोन मिलिमीटरचाही फरक नाही.

वजनाचा आकडा

साइजच्या पुढे ८५एस किंवा ८८एच असा बारीक मजकूर असतो. गिऱ्हाईक सहसा तो वाचत नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. त्यातील आकडा एका टायरने किती वजन पेलावे हे सांगतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. पुढील अक्षर वेगाची मर्यादा दाखवते.

१६५/८० आर १४ वर ८५ असतो, १८५/७० वर साधारणतः ८८, तर १७५/६५ वर साधारणतः ८२. म्हणजे दिसायला भरदार असलेला टायर मूळ टायरपेक्षा दर चाकामागे ४० किलो कमजोर! म्हणून मूळ टायरवरील वजनाच्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कोणत्याही भावात घेऊ नये.

माल वाहणाऱ्या व्हॅनच्या मालकांनी तर याबाबत अधिकच खबरदारी घ्यावी. भिवंडीहून मालेगावला कापडाचे तागे भरून निघालेल्या गाडीला कसारा घाट चढावा लागतो. मारुती ओम्नी, जिचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, तिच्या टायरवर १४५ आर १२ एलटी असे लिहिलेले असते. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. त्याच रिमवर मोटारीचा १४५/८० आर १२ टायर सहज चढतो, शिवाय स्वस्त पडतो. पण तो भरलेल्या व्हॅनचे वजन व तिला लागणारी हवा यांसाठी बनवलेला नसतो. पूर्ण मालानिशी, भर उन्हात असा टायर तापतो आणि फुटू शकतो.

एलटी टायरवर ६ पीआर किंवा ८ पीआर असेही छापलेले असते. या शब्दाचा उगम आपल्याच धंद्यात आहे. पूर्वी टायरच्या पोटात सुती दोऱ्याचे थर असत आणि मजबुती थरांच्या संख्येवरून ठरे. आज सुताच्या जागी पॉलिएस्टर, नायलॉन आणि पोलाद आले. थर कमी लागतात, पण मजबुती सांगण्याची जुनी भाषा तशीच राहिली.

रिमचीही मर्यादा असते

रिमवर १४ × ५ जे असे काही कोरलेले आढळेल. यातील ५ ही रिमची आतील रुंदी, इंचात. प्रत्येक टायरसाठी रिमची किमान व कमाल रुंदी ठरलेली असते आणि ती टायर कंपनीच्या तक्त्यात मिळते. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला तर तो मध्यभागी फुगतो, वळणावर डोलतो आणि नक्षी मध्येच झिजते. टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, गाडीत माणसे बसवून, मडगार्ड वा शॉकअपला टायर घासत नाही ना हे पाहावे.

रुंद टायरचे तोटेही समजून घ्यावेत. पेट्रोल थोडे अधिक जाते, पॉवर स्टिअरिंग नसेल तर हाताला जड पडते, आणि साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना रुंद टायर लवकर तरंगतो. एका अक्षावरील दोन्ही टायर एकाच मापाचे असावेत. वेगळ्या मापाची स्टेपनी पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत सावकाश जाण्यापुरतीच समजावी.

बिल करताना

चालकाच्या दाराजवळ कंपनीने लावलेल्या पट्टीवर मंजूर साइज व हवेचा दाब दिलेला असतो. पट्टीवर एकापेक्षा अधिक साइज असतील तर त्यांतून निवड करणे सर्वांत निर्धोक. पट्टीबाहेर जायचे असल्यास कंपनीच्या अधिकृत केंद्राकडून तसल्ली करून घ्यावी. व्यापारी नोंदणीच्या गाड्यांच्या नोंदणी अर्जात टायरची संख्या, वर्णन व माप लिहावे लागते, ही बाबही ध्यानात असू द्यावी.

टायर किती जुना आहे हे त्याच्या अंगावरील चार आकडी शिक्क्यावरून कळते. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. साइज, वजनाचा आकडा आणि हा शिक्का, या तिन्ही गोष्टी बिलावर लिहून मागाव्यात. जो दुकानदार लिहून देण्यास कां-कूं करील, त्याच्याकडील माल त्याच्याचकडे राहू द्यावा.