बोलण्याचाही उपचार असतो



उसात काणी दिसली की आपण त्याच दिवशी शेतकी ऑफिसला कळवतो. घरातला कर्ता माणूस मात्र पंधरा पंधरा दिवस धड जेवत नाही, रात्रभर कूस बदलतो, तोड आली तरी फडाकडे फिरकत नाही, तेव्हा ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून आपण गप्प बसतो. फार तर सलाईन लावून आणतो.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, सारखी चिंता नि छातीत धडधड, हा आजार असू शकतो. ही बाहेरची बाधा नव्हे, आळस तर नव्हेच. यावर गोळ्या आहेत, तसाच बोलण्याचा उपचारही आहे. त्याला समुपदेशन म्हणतात. नावात ‘उपदेश’ असला तरी तिथे उपदेश करीत नाहीत. त्यासाठी गावात माणसे थोडी आहेत का!

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा उपचार करून पाहिला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. बैठका सहा ते आठ. आधी ऐकून घ्यायचे. मग दिवसभरात काय काय करणे सुटले ते बघायचे. उदास माणूस कामे टाळतो, टाळली की बोजा वाढतो, त्याने मन आणखी खचते, असा तो रहाट असतो. तो एखाद्या लहान कामापासून उलटा फिरवायचा: सकाळी बांधापर्यंत जाऊन येणे, पारावर घटकाभर बसणे, सोसायटीत बाकी किती ते एकदा विचारून घेणे. पुढच्या बैठकीत, जमले का? नसेल तर आडवे काय आले? 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या उपचाराने शंभरात 64 जणांचा आजार उतरला होता, नुसत्या नेहमीच्या उपचाराने 39 जणांचा. बोलण्याने कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण बँकेची पायरी चढायचे बळ येते.

आपल्याकडे 2015 मध्ये शासनाने मराठवाडा-विदर्भातील 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात जालना जिल्हा आहे. केदारखेडा परिसरातील सभासदांनी आधी गावच्या आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना सांगावे. पुढे जालन्याच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली, तर ती नुसती हातात देऊन मोकळे होऊ नका. खचलेला माणूस एकटा एस.टी. धरून जाईल, ही अपेक्षाच चूक. त्याला विचारा, राजी करा आणि पहिल्या खेपेला तरी बरोबर जा. प्रवास जमत नसेल तर 14416 या ‘टेली मानस’ क्रमांकावर रात्री-बेरात्रीसुद्धा फुकट व मराठीत बोलता येते.

‘आता जगून काय करू’ अशी भाषा निघाली तर मात्र थांबू नये. माणसाला एकटे सोडू नये, फवारणीचे औषध घरातून हलवावे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोलिसांचे लचांड लागेल म्हणून कित्येक घरे प्रकार दडवतात. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच तो धरून चालतो, आणि त्याच्यावर खटला होत नाही.