नाथसागर आणि पाणबुड्याचा नवा साज

पैठणजवळ गोदावरी नदी अडवून जायकवाडीचे धरण बांधलेले आहे. त्याची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली व १९७६ साली ते पूर्ण झाले. धरणामागील विस्तीर्ण जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. छत्रपती संभाजीनगरातील घागरी याच पाण्याने भरतात. नावात सागर असला, तरी पाणी मात्र गोडे आहे. आणि पाणबुड्याच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नव्हे.

समजा, मालवणच्या समुद्रात तरबेज झालेला एखादा पाणबुड्या नवा स्कूबाचा साज घेऊन येथे उतरणार आहे. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी, तोंडात हवा पुरविणारे रेग्युलेटर, डोळ्यांवर चष्मा, पायांत रबरी पंख आणि कमरेला शिशाची वजने, असा हा साज असतो. शिसे कशासाठी? अंगावरचा रबरी पोशाख पाण्यावर तरंगू पाहतो; त्याला खाली नेण्यासाठी.

आता आर्किमिडीजचा नियम आठवा. समुद्राचे पाणी खारे, म्हणून गोड्या पाण्याहून जड. साजासह १०० किलो वजनाचा जो पाणबुड्या समुद्रात बुडतही नाही व वर येतही नाही, त्याला नाथसागरात सुमारे अडीच किलो शिसे कमी करावे लागेल. नाहीतर तो तळाकडे ओढला जाईल. पण गणित येथेच संपत नाही. नव्या पोशाखाच्या रबरात वायूचे असंख्य बुडबुडे असतात. जुना पोशाख वापरून चेपलेला असतो; नवा अधिक तरंगतो व अधिक शिसे मागतो. म्हणजे पाणी म्हणते वजन काढा, पोशाख म्हणतो घाला! यावर उपाय एकच. काठाजवळच्या संथ पाण्यात साज चढवून वजन जुळवून पाहावे. नेहमीसारखा श्वास घेऊन स्तब्ध राहिल्यास पाणी डोळ्यांपर्यंत यावे आणि श्वास सोडताच देह हळूहळू खाली जावा.

या साजाची पहिली परीक्षाही गोड्या पाण्यातच झाली. १९४३ साली फ्रेंच नौदलातील अधिकारी कूस्तो व अभियंता गान्यां यांनी आपले नवे यंत्र पॅरिसजवळच्या मार्न नदीत उतरविले. युद्धकाळी पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून गान्यां यांनी एक झडप तयार केली होती, तिच्यावरून हे यंत्र सुचले. आडवे पोहताना ते उत्तम चाले. पण उभे राहिले की हवा भसाभसा वाया जाई, आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड होई. हवा घेण्याची व सोडण्याची जागा भिन्न उंचीवर येत असल्यामुळे तेथील पाण्याचा दाबही भिन्न असे. दोन्ही जागा शेजारी आणताच दोष नाहीसा झाला. हा दोष उथळ नदीत उमगला, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

कारण खोलीवर दाब फार बदलतो. १० मीटर खाली तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छाती भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते व फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून वर येताना श्वास अखंड चालू ठेवावयाचा असतो.

तलावाच्या तळाशी गाळ असतो. पंखाचा एक फटका बसला, की हातभर अंतरावरचेही दिसत नाही. तेव्हा नव्या कमरपट्ट्याचे बकल डोळे मिटून, एका हाताने, चटकन सुटते की नाही, हे जाणता पाणबुड्या काठावरच पुन्हा पुन्हा करून पाहतो.