बऱ्हाणपूरचे भूजल आणि केळीची शेती

बऱ्हाणपूरहून रावेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस केळीच्या बागा लागतात. मध्ये राज्याची सीमा आहे, हे त्या बागांवरून कळत नाही. माती तीच, तापी तीच आणि पुष्कळ घरांत भाषाही तीच. या पट्ट्यात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना शेतकऱ्याच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकावी लागते: पाणी खाली गेले. त्यामागील कारण समजून घेतल्यावाचून आपण त्याला धीर तरी कोणत्या शब्दांत देणार? म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

या शहराने पाण्याचा विचार चारशे वर्षांपूर्वी केला होता. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूशास्त्रज्ञाच्या योजनेनुसार येथे भूमिगत जलव्यवस्था उभी राहिली. सातपुड्यावरचा पाऊस पायथ्याच्या थरांत मुरतो व जमिनीखालून तापीकडे सरकतो. हे पाणी वाटेतच गाठण्यासाठी ठराविक अंतरावर खोल कुंड्या खणून त्या तळाशी बोगद्याने जोडण्यात आल्या व बोगद्याला शहराच्या दिशेने सौम्य उतार देण्यात आला. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या वजनाने वाहते. अशा आठ व्यवस्था होत्या. त्यांपैकी शंभरावर कुंड्यांचा खूनी किंवा कुंडी भंडारा २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आला. आम्हांला त्याचा एक गुण विशेष वाटतो. डोंगराने जेवढे दिले तेवढेच तो देतो. त्याच्याकडून अधिक ओढून घेण्याची सोयच नाही.

कूपनलिकेला हा संयम ठाऊक नाही. केळीला तर पाणी भरपूर लागते. पाच फुटांवर एक या हिशेबाने एकरी सुमारे १७४० झाडे बसतात. उन्हाळ्यात झाडाला रोज सोळा लिटर धरले, तर एकरी जवळजवळ २८,००० लिटर होतात. पूर्वी हेच पीक पाटपाण्यावर भिजवीत तेव्हा उपसा याहून पुष्कळ अधिक असे. ठिबक सिंचनाने पाणी व खत थेट मुळाशी दिले. शेजारच्या जळगावात जैन इरिगेशनने ठिबक संच आणि ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपे यांचा मोठा प्रसार केला, आणि बागा वाढल्या.

येथेच एक गोम आहे. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी दुसरा एकर लावतो. शिवाय पाटपाण्यातून ‘वाया’ गेलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा जमिनीत मुरत असे. तोही आता मुरत नाही. झाडामागे बचत होऊनही गावाचा उपसा त्यामुळे घटत नाही. आम्ही ठिबकाच्या विरोधात नाही, त्यावाचून आज केळी होणे कठीण. पण नळी बसविली म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला, हा समज मात्र खोटा आहे.

उपसा आवरणे आणि भरणा वाढविणे ही दोन्ही कामे करावी लागतील. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे तो पाणी झपाट्याने पितो. पुराचे पाणी कालव्यांनी तेथे नेऊन मुरविण्याच्या तापी खोरे महापुनर्भरण योजनेसाठी १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे दोन्ही राज्यांत करार झाला. मोठी योजना वेळ घेणारच. तोवर नाल्यावर बांध घालता येतो. पावसाचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडता येते, मात्र गाळणीवाचून सोडल्यास गाळाने झरेच बुजतात. घड कापल्यावर उरलेली खोडे व पाने बांधावर न फेकता तुकडे करून बागेतच पसरली, तर ओल टिकते व जमिनीला खतही मिळते.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाचे दास विहीर खणतात आणि गराराचे गुराखी पाणी आपलेच म्हणून भांडतात. आपल्याकडे भांडणसुद्धा होत नाही. जमीन ज्याची त्याचे खालचे पाणी, असे आपण धरून चालतो. ज्याला जमीन नाही, त्या मजुराच्या वस्तीवरील उथळ हातपंप आधी कोरडा पडतो, आणि त्यासाठी कोणी कोणाला जाब विचारीत नाही. निदान एवढे व्हावे: धर्मशिक्षकाने गावातील दोन-चार विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दोरीने मोजावी आणि तो आकडा सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लिहून ठेवावा.