गाडीतील अ‍ॅम्प्लिफायर : आधी अँपिअरचा हिशेब, मग आवाज

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या हिवरखेडमध्ये सबवूफर बसवण्याचे काम नीट होऊ लागले, तर गिऱ्हाईक त्यासाठी अकोल्याला कशाला जाईल? ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना ही रोजीची चांगली वाट आहे. मात्र वायर पेटली तर गिऱ्हाइकाची गाडी जाते आणि कारागिराचे नावही जाते. म्हणून माल घेण्याआधी कागदावर थोडे गणित करावे.

खोक्यावर मोठ्या अक्षरात १५०० वॅट लिहिलेले असते, ते क्षणभराच्या कमाल ताकदीचे. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत पेलणाऱ्या ताकदीचा. समजा सबवूफर ३०० वॅट आरएमएसचा आहे. डी क्लास अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के विजेचा आवाज करतो. म्हणजे पूर्ण ताकदीला त्याला ३७५ वॅट लागतात. इंजिन चालू असताना गाडीत १३.८ व्होल्ट धरले, तर ३७५ भागिले १३.८, म्हणजे सुमारे २७ अँपिअर. जुन्या एबी क्लासला त्याच आवाजासाठी ३६ अँपिअरपर्यंत लागतात. दोन हेडलाइट मिळून ८ ते ९ अँपिअर घेतात, हे लक्षात घेतले की भार कळतो. गाडीचा अल्टरनेटर तो पेलेल का, हेही पाहावे.

आता वायर. घरगुती फिटिंगची अडीचची वायर पाच मीटर ओढली, तर २७ अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो आणि वायरीत २५ वॅट उष्णता तयार होते. १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत हाच तोटा पाव व्होल्टच्या आत राहतो. स्वस्त वायर ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. ती घ्यायचीच असेल तर बरीच जाड घ्यावी.

काम सुरू करताना बॅटरीची मायनस तार आधी सोडावी. प्लसच्या वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावावा. वरच्या उदाहरणात ३० अँपिअरचा. हा फ्यूज वायरीसाठी आहे. वायर घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज नसला, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि आग लागते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावा. अर्थची वायर तेवढीच जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवावी. बोल्टाखालचा रंग खरवडून ती उघड्या लोखंडावर कसावी. टेपकडून येणारी सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने न्यावी, नाहीतर इंजिनची घरघर स्पीकरमध्ये येते.

सबवूफर निवडताना ओहम पाहावा. दोन कॉइलचा ४-४ ओहमचा सबवूफर समांतर जोडला तर २ ओहम होतो, एकामागे एक जोडला तर ८ ओहम. दोन चॅनलच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘ब्रिज केल्यास किमान ४ ओहम’ लिहिले असेल आणि आपण २ ओहमचा भार टाकला, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. अशा ठिकाणी एकाच कॉइलचा ४ ओहमचा सबवूफर घ्यावा. मल्टिमीटरवर ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दिसते. तो बिघाड नव्हे.

बंद पेटी जागा कमी घेते आणि तिचा बास आटोपशीर असतो. भोकाच्या पेटीत आवाज मोठा, पण तिचे माप कंपनीने दिले तसेच हवे. लहान मोटारीला १० इंची पुष्कळ होतो.

गेनचा स्क्रू आवाज वाढवण्यासाठी नसतो. तो टेपच्या सिग्नलशी जुळवायचा असतो. आवाज फाटू लागला की मागे घ्यावा, कारण फाटलेल्या आवाजानेच कॉइल जळतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर गालिच्याखाली दाबू नये. त्याला हवा लागली पाहिजे.

बिलावर वायरीची जाडी आणि फ्यूजचे अँपिअर लिहून द्यावेत. स्वस्तात काम करणारा दुसरा कुणी भेटला, तरी गिऱ्हाइकाला फरक कागदावर दिसेल.