शेणाने सारवलेली धावपट्टी

१९७१ च्या डिसेंबरात भुजच्या लष्करी विमानतळाची धावपट्टी शेणाने सारवली गेली. ८ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी सेबर विमानांनी बॉम्ब टाकून तिची चाळण केली होती. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. दुरुस्तीला माणसं कमी पडत होती, तेव्हा शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका पुढे आल्या. ७२ तासांत त्यांनी पट्टी पुन्हा विमान उतरण्याजोगी केली. भोंगा झाला की हातातलं काम टाकून त्या झुडपांत शिरत. त्या झुडपांत मिसळून जाता यावं म्हणून त्यांना फिक्या हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं. आणि नवी डागडुजी आकाशातून ओळखू येऊ नये म्हणून पट्टीवर शेण फासलं होतं.

ही हकीकत शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. शौर्य तर ते होतंच. पण त्या शेणात आणि साड्यांच्या रंगात जे पक्कं विज्ञान आहे, त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि मला ते त्या बायकांवर अन्याय केल्यासारखं वाटतं.

धावपट्टी लपवणं फार अवघड. निसर्गात दोन-अडीच किलोमीटरची सरळ रेघ नसते. ओढा वळतो, पांदण वाकडीतिकडी जाते, बांधसुद्धा कुठेतरी मोडतो. शिवाय पट्टीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. गुळगुळीत पृष्ठभाग पडलेला प्रकाश एकाच दिशेला परत फेकतो, म्हणून ठरावीक कोनातून तो लख्ख चमकतो. खडबडीत पृष्ठभाग तोच प्रकाश चहूकडे विखुरतो आणि मंद दिसतो. शेणात गवताचे न पचलेले तंतू असतात. थर वाळला की त्या तंतूंच्या असंख्य बारीक सावल्या पडतात, चमक मरते आणि रंग कोरड्या मातीच्या जवळ जातो. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात सारवलेलं अंगण आणि शेजारचा सिमेंटचा ओटा भर उन्हात पाहावा. डोळे कशावर दिपतात ते लगेच कळतं.

यातून पट्टी अदृश्य होत नाही, आणि तशी गरजही नसते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने येणारं विमान सेकंदाला सुमारे २२० मीटर पुढे सरकतं. लक्ष्य पाच किलोमीटरवरून दिसलं तर वैमानिकाला वीस-बावीस सेकंद मिळतात. दोन किलोमीटरवरून दिसलं तर जेमतेम नऊ. तेवढ्यात ओळखायचं, दिशा धरायची, नेम घ्यायचा. विमानतळ झाकणारा माणूस शत्रूचे हे सेकंद चोरत असतो.

चमकणारी वस्तू दुसऱ्या वस्तूचा पत्ताही सांगते. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले सुरू केले. आदल्याच दिवशी पौर्णिमा झाली होती, आणि हल्ला झालेल्या तळांत आग्राही होतं. चांदण्यात उजळणारा पांढराशुभ्र ताजमहाल म्हणजे तळाकडे बोट दाखवणारी खूण. त्या युद्धात तो हिरवट कापडाने झाकला गेला तो यासाठी. हे शहाणपण आपण किंमत मोजून शिकलो होतो. ६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटच्या तळावर उघड्यावर उभी असलेली आपली दहा विमानं सेबरांनी जमिनीवरच नष्ट केली होती. पुढच्या सहा वर्षांत विमानं एकमेकांपासून दूर, आडोशाला, मातीच्या भिंतींमागे ठेवायची शिस्त आली आणि १९७१ चा पहिला फटका बराचसा वाया गेला.

विमानाच्या कारखान्याची गोष्ट आणखी बिकट. मैदानभर पसरलेलं छप्पर, त्याच्या कडा सरळ, आणि सकाळ-संध्याकाळ लांबच लांब पडणारी धारदार सावली. छप्पर कसंही रंगवा, सावली चहाडी करतेच. १९४१ च्या अखेरीस जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कारखान्यांना हीच चिंता पडली. सिएटलमध्ये बोइंगच्या बॉम्बफेकी विमानांच्या कारखान्यावर जवळपास २६ एकरांचं खोटं गाव उभं राहिलं. घरं, रस्ते, कुंपणं, सगळं लुटूपुटूचं. आराखडा जॉन डेटली यांचा, आणि हा गृहस्थ हॉलिवूडमध्ये चित्रपटांचे सेट उभारणारा! झाडं कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची आणि पिसांची होती. अशा कामात जाळं छपराच्या कडेशी न थांबवता उतरतं करत जमिनीपर्यंत आणतात. उभी भिंत टेकाडाचा उतार होते आणि धारदार सावली विरघळते. ब्रिटनमध्ये कर्नल जॉन टर्नर यांनी उलटी वाट धरली. ओसाड माळावर रात्री दिव्यांच्या रांगा लावून त्यांनी खोटे विमानतळ उभे केले आणि जर्मन बॉम्ब रिकाम्या रानात पाडून घेतले.

आपल्याकडे पहिला आडोसा भूगोलाचा होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली ती बंगळूरला, समुद्रापासून दूर. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा हे अंतर किती मोलाचं ते कळलं. वर्धा जिल्हाही असाच, दोन्ही समुद्रांपासून लांब. देवळी तालुक्यातल्या पुलगावला देशातलं एक मोठं दारूगोळा भांडार आहे. अशा भांडारात गोदामं मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवतात. त्यामागचं गणित असं की स्फोटकं आठपट केली तरी सुरक्षित अंतर दुपटीनेच वाढवावं लागतं, कारण धक्क्याची पोच वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे भीषण आग लागली. ती विझवायला गेलेल्या जवानांचे आणि अधिकाऱ्यांचे प्राण गेले, पण आग एका गोदामापुरतीच राहिली. त्यांचं बलिदान आणि गोदामांमधली मोकळी जागा, या दोन्हींमुळे पुलगाव वाचलं असं मी मानतो.

समजा, वर्ध्याच्या मातीवर एखादं ठिकाण झाकायचं आहे. हिरवी जाळी ऑगस्टमध्ये चालेल, कारण कपाशी, तूर, सोयाबीन सगळं एकरंगी हिरवं असतं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की तुकड्यातुकड्यांनी काळी जमीन उघडी पडते. मे महिन्यात सगळं रान काळं-करडं, भेगाळलेलं. तिथे हिरवा चौकोन दुरूनच बोंबलेल. म्हणजे लपवणूक ऋतूप्रमाणे बदलावी लागते आणि तिला त्या मातीचाच माल लागतो. दूरच्या गोदामातून आलेला रंगाचा डबा तिथे उपयोगी पडत नाही, हे भुजला शेणाने सिद्ध केलं.

रंगाच्या डब्याचा दुसरा पराभव डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात झाला. आपले डोळे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी पाहतात. जिवंत पान हिरव्या प्रकाशातला थोडाच भाग परत पाठवतं, पण ७०० च्या पलीकडच्या अवरक्त प्रकाशातला जवळजवळ निम्मा भाग परत फेकतं. पानाच्या आत पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांची जी दाटी असते, तिच्यावर आपटून हा प्रकाश माघारी येतो. साध्या हिरव्या रंगाला हे जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोडॅकने नेमकी हीच उणीव पकडणारी फिल्म तयार केली. तिच्यात खरी झाडी लालभडक उमटे आणि हिरवी रंगवलेली जाळी निळसर. तोडून जाळीवर टाकलेल्या फांद्याही वाळू लागल्या की रंग सोडत आणि पकडल्या जात.

शत्रू शोधण्यासाठी निघालेली ही फिल्म पुढे पिकाच्या कामाला आली, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत समाधानाची गोष्ट आहे. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रं घेऊन नारळाची रोगट झाडं हुडकली. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मानतात. मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा आपला उपग्रह वर गेला, तो असाच लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळा मोजणारा. अवरक्तातून लाल वजा करायचा, आलेल्या आकड्याला दोहोंच्या बेरजेने भागायचं, की पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. उघड्या काळ्या मातीवर तो ०.१-०.२ च्या आसपास, तर जोमदार पिकावर ०.७ च्याही पुढे. हिंगणघाट-आर्वीकडची कपाशी पाण्यावाचून मान टाकू लागली किंवा लाल्याने पानं तांबडी पडली, तर हा आकडा घसरतो आणि नागपूरच्या संगणकावर बसलेल्या माणसालाही शंका येते.

मात्र गुलाबी बोंडअळी या नजरेतून सुटते. ती बोंडाच्या आत शिरते, प्रवेशाचं छिद्र बुजून जातं, आणि बाहेर पानं हिरवीगार, निर्देशांक उत्तम. २०१७ च्या हंगामात विदर्भाने याची जबर किंमत मोजली. तिच्यासाठी शेतात कामगंध सापळेच लावावे लागतात. मादीच्या गंधाची नक्कल करणारी गोळी त्यात असते आणि नर पतंग फसून आत येतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ झाली असं समजायचं. त्याच सुमारास वीसेक हिरवी बोंडं तोडून, फोडून आत पाहायचं. दोन बोंडांत अळी निघाली तरी थांबायचं नाही.