रानउंट आणि त्याचे वाळवंट

जुहूच्या चौपाटीवर मुलांना पाठीवर घेऊन झुलत चालणारा उंट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो एका वशिंडाचा आणि माणसाळलेला. मग कोणाच्याही मालकीचा नसलेला रानटी उंट जगात उरला आहे काय? उरला आहे, परंतु केवळ चीन व मंगोलियातील वाळवंटांत, आणि तोही सुमारे १०००. त्याला दोन वशिंडे असतात. पाळीव कळपातून सुटून रानटी झालेला हा प्राणी नव्हे. त्याचा वंश लाखो वर्षांपूर्वीच वेगळा झाला, असे आनुवंशिक तपासणीवरून दिसते.

हा उंट खारे पाणी पिऊनही जगतो. चीनने १९६४ ते १९९६ या काळात लोप नोर येथे अणुचाचण्या केल्या, त्या प्रदेशातही तो टिकला. कारण तेथे माणसाला मज्जाव होता! खरे संकट पुढेच आहे. खाणी येतात, पाठोपाठ रस्ते आणि शिकारी येतात. पाळीव उंट त्याच्या झऱ्यांवर येतात आणि संकराने मूळ वंशच बुडू लागतो. मंगोलियाने १९७५ मध्ये गोबीचा मोठा भाग राखीव केला खरा. पण झऱ्यांभोवतीचा एकांत राखल्याविना हा उंट वाचावयाचा नाही.

आपल्याकडेही १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले. तरीही माळ पडीक समजून नांगरले गेले आणि तो पक्षी दिसेनासा होत गेला. तेव्हा एखादी जमीन ओसाड ठरविण्यापूर्वी तेथे कोण राहते, एवढे तरी आपण विचारावे.