बाई, तिची कंपनी कुठंय?

मी 1991 साली इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा मराठी माध्यमात ए-बी-सी-डीची ओळख पाचवीत व्हायची. धड्याला हात घालण्याआधी फळ्यावर तीन रकाने आखायचे : शब्द, उच्चार, अर्थ. मुलं ते वहीत उतरवायची, घोकायची आणि पुस्तकातल्या ओळींवर पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षरं लिहून ठेवायची. अडलेल्या शब्दाचा अर्थ बाईंनीच सांगायचा, असं सगळेच धरून चालले होते. मीसुद्धा.

ते पहिल्यांदा हललं सातवीच्या वर्गात. उताऱ्यात एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांना नातीची 'कंपनी' फार आवडायची. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तिची कंपनी कुठंय?" त्याचे वडील एमआयडीसीत कामाला होते. घरात रोज 'कंपनीत गेले', 'कंपनीतून आले' हेच ऐकू यायचं. त्याचा अर्थ चुकला, पण त्यानं केलेला विचार चुकीचा नव्हता. त्या दिवशी अर्थ सांगायचा मोह मी आवरला. म्हटलं, "पुढचं वाक्य वाच. ती दोघं काय करतायत?" गप्पा मारत फिरायला निघाली होती. तो जरा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे सोबत?"

मग असे शब्द दिसतच गेले. आपलं हॉटेल म्हणजे मिसळ आणि चहा; तिथं पाहुणे रात्री झोपले कसे, हे मुलांना कळेना. डिक्शनरीनंही सगळं भागत नव्हतं. 'स्प्रिंग'चा पहिला अर्थ उचलून एकीनं लिहिलं, प्रवासी वसंत ऋतूत पाणी प्यायले. खालचा 'झरा' तिनं पाहिलाच नव्हता. शब्दाला वाक्यात नेऊन पाहायचं असतं, हे आम्ही तिला कधी शिकवलंच नव्हतं.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. बडबडगीतं आली, चित्रं आली, पण तिसरी-चौथीत पोचेपर्यंत तेच तीन रकाने चिमुकल्या हातांत गेले. त्याच सुमारास मी शब्द फोडून दाखवायला लागले. बेफिकीर, बिनकामाचा, निरोगी हे शब्द मुलं सहज फोडायची, मग 'यूजलेस' आणि 'अनहॅपी' का नाही फोडायचे? आठवडाभर वर्गात नुसता उत्साह होता. मग एका मुलीनं 'अनलेस' आणला. "अन म्हणजे नाही, लेस म्हणजे बिन. मग मधे उरलं काय, बाई?" काहीच उरत नव्हतं. त्या दिवसापासून नियम ठरला : केलेला तर्क वाक्यात ठेवायचा, वाक्य जुळलं नाही तर तर्क सोडून द्यायचा.

त्या वर्षांत प्रशिक्षणांत बजावून सांगायचे, इंग्रजीच्या तासाला मराठी नको. मला ते कधीच पटलं नाही. अंदाज का बांधला, हे मूल मराठीतच सांगू शकतं. त्याचं तोंड बंद केलं की विचारही बंद पडतो.

माझी खरी चूक मात्र वेगळीच होती, आणि ती उशिरा उमगली. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2000 साली एका सहकारी संशोधिकेबरोबर दाखवून दिलं होतं की, मजकूर कुणाच्या मदतीविना नीट समजायचा तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. मी एका मुलासमोर बसून धड्यातला साठ शब्दांचा परिच्छेद मोजला. त्याला चौदा शब्द येत नव्हते. संदर्भावरून ओळख, असं मी त्याला वर्षभर सांगत होते, पण त्याच्यापाशी संदर्भ होताच कुठे?

मग पाठ्यपुस्तकाच्या जोडीला सोप्या गोष्टी आणल्या. 2015 साली प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर सुरू झालं. पायऱ्यापायऱ्यांच्या गोष्टी फुकट मिळू लागल्या, काही तर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. ओळीवर मराठी अर्थ लिहिण्याऐवजी अडलेल्या शब्दावर पेन्सिलीनं छोटं प्रश्नचिन्ह करायचं, न थांबता पान संपवायचं, मग मागं येऊन उलगडलेली चिन्हं खोडायची.

निवृत्तीच्या वर्षी सहावीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी बसून वाचत होती. पानावर सात प्रश्नचिन्हं होती. वाचून झाल्यावर ती मागं आली, ओठ हलवत एकेक वाक्य पुन्हा म्हणाली आणि पाच चिन्हं खोडरबरानं पुसली. उरलेल्या दोन शब्दांवर बोट ठेवून तिनं ते मनाशी म्हटले आणि डिक्शनरीच्या कपाटाकडे गेली.